महापे ते वागळे इस्टेट स्क्रीन शेअरिंग अडकतंय, पोर्ट उघडायच्या आधी एवढं बघून घ्या

नमस्कार. मला समजलेला प्रश्न आधी लिहितो, काही राहिलं असेल तर सांगा. महापेच्या ऑफिसात टॅलीचं मशीन आहे आणि वागळे इस्टेटच्या गोडाऊनवरून तुमची माणसं रस्टडेस्कने त्याची स्क्रीन उघडून बिलं टाकतात. तुम्ही ऐरोलीत घरून तेच मशीन उघडता तेव्हा लोण्यासारखं चालतं, पण वागळेहून उघडलं की माउस अडकतो, दोन सेकंदांनी उडी मारतो, टाइप केलेलं एकदम येतं, आणि कधी कधी तर आयडी ऑनलाइन दिसतो पण पुढे नुसतं कनेक्टिंग फिरत राहतं. स्पीड टेस्ट दोन्हीकडे शंभरच्या आसपास. व्हेंडर म्हणतोय दोन्हीकडे स्टॅटिक आयपी (कायम तोच राहणारा इंटरनेटवरचा पत्ता) घ्या, राउटरवर ३३८९ हा रिमोट डेस्कटॉपचा पोर्ट उघडून देतो, मग रिमोट डेस्कटॉपने करा. ते करावं का?

३३८९ इंटरनेटवर उघडं टाकू नका. कारण खाली लिहितो. स्टॅटिक आयपीचं मात्र परिस्थितीवर आहे, एका बाजूला घेतला तर उपयोग होऊ शकतो, दोन्हीकडे लागेलच असं नाही. मी ठाणे-नवी मुंबई पट्ट्यातल्या छोट्या ऑफिसांची नेटवर्कं बघतो आणि हा प्रश्न माझ्याकडे फार वेळा येतो, त्यामुळे जरा सविस्तर लिहितोय.

पहिलं म्हणजे स्पीड डोक्यातून काढा. टॅलीची स्क्रीन बहुतेक वेळ स्थिर असते आणि ही सॉफ्टवेअरं स्क्रीनचा बदललेला भागच पाठवतात, त्यामुळे एक-दोन एमबीपीएसमध्ये हे काम आरामात होतं. ऑटोकॅड फिरवत असाल किंवा व्हिडिओ चालू असेल तर वेगळं, तिथे ज्या मशीनची स्क्रीन बघताय त्या बाजूचा अपलोड बघावा लागतो. तुमच्याकडे तो प्रश्न दिसत नाही. तुमचा प्रश्न रस्त्याचा आहे, म्हणजे महापे आणि वागळे यांच्यातला डेटा नक्की कुठून जातोय याचा.

ही सॉफ्टवेअरं जोडणी कशी करतात ते एकदा समजलं की पुढचं सगळं सोपं जातं. तुमच्या ऑफिसातल्या पीसीला १९२.१६८ वगैरेने सुरू होणारा जो पत्ता असतो तो फक्त आतला, बाहेरच्या जगाला तो दिसत नाही. बाहेर जाताना राउटर स्वतःचा पत्ता आणि एक पोर्ट (दरवाजाचा नंबर समजा) लावून पॅकेट, म्हणजे डेटाचा तुकडा, पाठवतो आणि कुणाचं काय गेलं याची नोंद ठेवतो, याला नॅट म्हणतात. सोसायटीच्या वॉचमनसारखं समजा, आतला माणूस बाहेर जाताना त्याला कुणी अडवत नाही आणि त्याने मागवलेलं पार्सल आलं की आत सोडतात, पण अनोळखी माणूस गेटवर येऊन थेट अमुक फ्लॅटला जायचंय म्हणाला तर तो तिथेच थांबतो. आता दोन्ही पीसी अशा गेटच्या आत बसलेत, मग पहिलं पॅकेट कुणी कुणाला पाठवायचं?

म्हणून मधे एक सर्व्हर लागतो. दोन्ही पीसी आपणहून बाहेर जाऊन त्या सर्व्हरला सांगून ठेवतात की मी अमुक आयडी, मी इथे आहे. तुम्ही वागळेहून आयडी टाकला की तो सर्व्हर दोघांना एकमेकांचा बाहेरून दिसणारा पत्ता आणि पोर्ट देतो, आणि दोघंही एकाच वेळी एकमेकांकडे यूडीपी पॅकेट (पोचलं का याची वाट न बघता पाठवलेलं) फेकतात. आपल्या बाजूने पॅकेट आधीच बाहेर गेलेलं असल्यामुळे समोरून आलेलं पॅकेट राउटरला उत्तरासारखं वाटतं आणि तो आत घेतो. याला होल पंचिंग म्हणतात. जमलं तर दोन्ही पीसी थेट बोलतात, मधला सर्व्हर बाजूला होतो. नाही जमलं तर सगळा डेटा रिले नावाच्या सर्व्हरमधून फिरून जातो. एनीडेस्क, टीमव्ह्यूअर, रस्टडेस्क, ब्राउझरमधलं स्क्रीन शेअरिंग, तपशील वेगळे पण सगळ्यांची गाडी साधारण ह्याच रुळावर चालते. आणि यात कुठेही बाहेरून आत येणारा पोर्ट उघडावा लागत नाही हे लक्षात घ्या.

रिले वाईट नसतो, पण तो कुठे बसलाय यावर सगळं अवलंबून. महापेहून वागळेला थेट गेलं तर जाऊन-येऊन पाच-दहा मिलिसेकंदांत काम होतं, दोन्हीकडचे आयएसपी, म्हणजे इंटरनेट देणाऱ्या कंपन्या, मुंबईतच एकमेकांना भेटत असतील तर. रिले सिंगापूरला असेल तर एक बाजूच साधारण साठ, युरोपात असेल तर सव्वाशे-दीडशे, आणि इथे दोन्ही बाजूंना तिथपर्यंत जायचंय. त्यात रिलेवरचं बोलणं बहुतेकदा टीसीपीवर चालतं, आणि टीसीपीत एक पॅकेट हरवलं की ते पुन्हा येईपर्यंत मागचे सगळे रांगेत थांबतात, मग एकदम सुटतात. तुमचा माउस अडकून उडी मारतो ना, ते बहुतेक हेच. फुकटच्या सार्वजनिक रिलेचं ठिकाण आणि त्याच्यावरचा लोड आपल्या हातात नसतो.

मग घरून का चांगलं चालतं? घरचा राउटर या बाबतीत बऱ्यापैकी सरळ असतो, तुम्ही कुणाशीही बोला, बाहेर तोच पोर्ट वापरतो. त्यामुळे मधल्या सर्व्हरने कळवलेला पोर्ट खरा निघतो आणि भोक पडतं. ऑफिसातले फायरवॉल मात्र अनेकदा प्रत्येक नव्या पत्त्यासाठी नवा पोर्ट लावतात, याला सिमेट्रिक नॅट म्हणतात. सर्व्हरशी बोलताना एक पोर्ट, वागळेच्या पीसीशी बोलताना दुसराच, म्हणजे सर्व्हरने दिलेली माहिती चुकीची ठरते. पीएफसेन्स नावाचा फायरवॉल मूळ सेटिंगमध्ये असाच वागतो. एका बाजूला असं असेल आणि दुसरी बाजू ढिली असेल तर कधीकधी जमून जातं, दोन्ही बाजूंना असेल तर रिलेच धरून चाला. आणि काही ऑफिसांत तर याच्याही आधीच गाडी अडते, कारण बाहेर जाणारं यूडीपीच बंद, फक्त वेबसाइटचे ८० आणि ४४३ हे पोर्ट चालू.

तुमच्या बाबतीत वागळेची बाजू जास्त संशयास्पद वाटते, कारण महापेचं मशीन तेच आहे आणि घरून ते नीट उघडतंय. पण अंदाजावर पैसे खर्च करू नका, बघून घ्या. क्रमाने सांगतो.

आधी चालू सेशनमध्ये वरच्या पट्टीवर कनेक्शनचं जे चिन्ह असतं त्याच्यावर माउस न्या, डायरेक्ट आहे की रिले ते लिहून येतं. घरून डायरेक्ट आणि वागळेहून रिले असं दिसलं तर अर्धं निदान तिथेच झालं.

मग वागळेच्या राउटरच्या स्टेटस पानावर जा आणि वॅन आयपी, म्हणजे राउटरचा बाहेरच्या बाजूचा पत्ता, वाचा, आणि त्याच वेळी ब्राउझरमध्ये माझा आयपी काय ते दाखवणारी कुठलीही साइट उघडा. दोन्ही आकडे सारखे आले तर तुमच्याकडे खरा पब्लिक पत्ता आहे. राउटरवर १०. किंवा १९२.१६८ ने सुरू होणारा पत्ता दिसला तर तुमच्या वर अजून एक राउटर आहे. आपल्याकडच्या औद्योगिक गाळ्यांत आणि बिझनेस पार्कांत हे सर्रास असतं, इमारतीचं एक कनेक्शन आणि त्याच्यातून सगळ्या गाळ्यांना वाटलेलं. आणि १००.६४ ते १००.१२७ या पट्ट्यातला पत्ता दिसला, समजा १००.८६.काहीतरी, तर ते आयएसपीचं सीजीनॅट आहे, म्हणजे एकच पब्लिक पत्ता आयएसपीने अनेक ग्राहकांत वाटलाय. हा पट्टा २०१२ मध्ये खास या कामासाठीच राखून ठेवला गेला, कारण आपल्या आशिया-पॅसिफिक भागातला आयपीव्ही४ पत्त्यांचा मोकळा साठा २०११ मध्येच जवळपास आटला होता. लोकल केबलवाल्यांचं ब्रॉडबँड असेल तर हे धरूनच चाला. सीजीनॅटच्या मागे तुम्ही स्वतःच्या राउटरवर कितीही पोर्ट फॉरवर्ड केलेत तरी बाहेरून काहीही आत येणार नाही, कारण खरं गेट आयएसपीकडे आहे. व्हेंडर स्टॅटिक आयपी घ्या म्हणतोय त्याचं खरं कारण हे असू शकतं.

तिसरी तपासणी मला सगळ्यात आवडते कारण ती थेट उत्तर देते. वागळेच्या त्याच पीसीवर टेलस्केल (लांबचे पीसी एकमेकांना जोडणारं सॉफ्टवेअर) टाका, फुकट आहे, आणि कमांड प्रॉम्प्टवर टेलस्केल नेटचेक (tailscale netcheck) ही कमांड चालवा. बऱ्याच ओळी येतात. पहिल्या ओळींत यूडीपी ट्रू की फॉल्स ते लिहिलेलं असतं. फॉल्स आलं तर बाहेर जाणारं यूडीपीच अडवलंय. खाली मॅपिंग व्हेरीज बाय डेस्ट आयपी अशी ओळ असते, ती ट्रू आली तर सिमेट्रिक नॅट. हेच महापेला करा आणि घरीही करा, तीन स्क्रीनशॉट शेजारी ठेवा, फरक डोळ्याला दिसेल.

अजून एक झटपट युक्ती, वागळेचा लॅपटॉप मोबाइलच्या हॉटस्पॉटवर घ्या आणि महापेला जोडून बघा. एकदम चांगलं चाललं तर दोष वागळेच्या नेटवर्कात. पण उलटा निष्कर्ष काढू नका, मोबाइल नेटवर्कही बहुतेक सीजीनॅटच्या मागेच असतं, त्यामुळे हॉटस्पॉटवर रिले दिसला तर त्यावरून ऑफिसबद्दल काही ठरत नाही.

आता आयडी ऑनलाइन दिसतो पण पुढे जात नाही, याबद्दल. रस्टडेस्कमध्ये ही दोन वेगळी कामं दोन वेगळ्या पोर्टांवर चालतात. आयडीची नोंद आणि होल पंचिंग २१११६ वर, टीसीपी आणि यूडीपी दोन्ही, नॅटची तपासणी २१११५ वर, आणि रिले २१११७ वर. फायरवॉलमधून २१११६ जातोय आणि २१११७ अडलाय असं झालं तर नेमकं तुम्ही सांगताय तेच दिसतं, नाव आहे पण चित्र येत नाही. टीमव्ह्यूअर आधी ५९३८ बघतो, नाही जमलं तर ४४३ आणि मग ८० वर येतो, एनीडेस्कही ८०, ४४३ आणि ६५६८ वापरतो, म्हणून ती जास्त ठिकाणी कशीतरी का होईना चालतात. कधीतरी फायरवॉल पोर्ट बघतच नाही, ॲप्लिकेशन ओळखून रिमोट ॲक्सेस ही अख्खी कॅटेगरी बंद ठेवतो. ते उगाच करत नाहीत. स्क्रीन शेअर करायला लावून लोकांची खाती साफ करणाऱ्या टोळ्यांमुळे फेब्रुवारी २०१९ मध्ये रिझर्व्ह बँकेनेही एनीडेस्कबाबत इशारा दिला होता. त्यामुळे इमारतीच्या किंवा हेड ऑफिसच्या आयटीवाल्यांनी बंद ठेवलं असेल तर चोरवाटेने जाऊ नका, लेखी मागा. मेलमध्ये ह्या पीसीला, ह्या सर्व्हरच्या पत्त्यावर, हे पोर्ट, फक्त बाहेर जाणारे, एवढं स्पष्ट लिहिलंत तर बहुतेक जण देतात. सगळं उघडा असं लिहिलंत तर कुणीच देणार नाही आणि देऊही नये.

रबाळेला एका पॅकेजिंगच्या युनिटमध्ये अगदी असंच होतं. तिथे आम्ही फायरवॉलच्या लॉगमध्ये त्या एका पीसीचा पत्ता सोर्स म्हणून फिल्टर केला आणि तिकडून सेशन सुरू करायला सांगितलं. स्क्रीनवर एकाखाली एक डिनायच्या लाल ओळी यायला लागल्या, सगळ्या यूडीपी, डेस्टिनेशन प्रत्येक वेळी तोच पत्ता म्हणजे समोरच्या ऑफिसचा, पोर्ट पन्नास हजारांच्या वरचा. म्हणजे ॲप बिचारं भोक पाडायचा प्रयत्न करत होतं आणि फायरवॉल प्रत्येक पॅकेट गिळत होता. त्या एका पीसीसाठी समोरच्या पत्त्याकडे बाहेर जाणारं यूडीपी चालू केलं, सेशन बंद करून पुन्हा उघडलं आणि चिन्ह रिलेवरून डायरेक्टवर आलं. आत येणारा एकही नियम केला नाही. तिथे नॅट सिमेट्रिक नव्हतं म्हणून एवढ्यावर भागलं, तुमच्याकडे असेल तर ह्याच्यापुढे जावं लागेल.

३३८९ बद्दल. रिमोट डेस्कटॉप चांगली गोष्ट आहे, मी रोज वापरतो, पण इंटरनेटवर उघडा ३३८९ म्हणजे तासाभरात जगभरातून पासवर्ड मारून बघणारे बॉट सुरू होतात. पासवर्ड मजबूत असला तरी पुरत नाही, मे २०१९ मध्ये ब्लूकीप नावाची जी खोट निघाली तिच्यात पासवर्डशिवायच आत शिरता येत होतं, आणि ती इतकी गंभीर होती की मायक्रोसॉफ्टने सपोर्ट संपलेल्या एक्सपीसाठीसुद्धा पॅच काढला. पोर्टचा नंबर बदलून ३३९० केला तरी काही फरक पडत नाही, स्कॅन करणारे सगळेच नंबर बघतात. टॅलीच्या मशीनवर तुमचा वर्षांचा हिशेब आहे, रॅन्समवेअर (फाइली कुलूपबंद करून खंडणी मागणारं सॉफ्टवेअर) शिरलं तर जीएसटीच्या तारखा थांबणार नाहीत. शिवाय विंडोजची होम एडिशन असेल तर त्या मशीनवर रिमोट डेस्कटॉपने शिरताच येत नाही, प्रो लागते, हे व्हेंडरने सांगितलंय का ते विचारा.

मग करायचं काय? आतापर्यंतच्या तपासणीत जे निघेल त्यावर अवलंबून. फक्त यूडीपी अडलेलं निघालं तर ते मागून घ्या, बाकी काही खर्च नको. बिनखर्चाचा उपाय आधी करून बघा.

सिमेट्रिक नॅट निघालं आणि फायरवॉल तुमच्या हातात नसेल, तर रिले जवळ आणा. रस्टडेस्कचा सर्व्हर भाग स्वतः चालवता येतो, एचबीबीएस आणि एचबीबीआर असे दोन प्रोग्राम, एक आयडी बघतो दुसरा रिले. मुंबईतल्या कुठल्याही डेटा सेंटरमधला छोटा व्हीपीएस (भाड्याचा सर्व्हर) पुरतो, दोन-चार माणसांसाठी सगळ्यात लहान प्लॅन घ्या. मग डेटा महापेहून मुंबईतच जाऊन वागळेला येतो, रिले असूनही लॅग जवळपास जाणवत नाही. सर्व्हर बनवताना जी पब्लिक की तयार होते ती दोन्ही क्लायंटमध्ये टाकायला विसरू नका, नाहीतर आपण नक्की आपल्याच सर्व्हरशी बोलतोय याची खात्री राहत नाही. सर्व्हर स्वतःचा झाला की त्याचे अपडेटही तुमच्याच गळ्यात, महिन्यातून एकदा बघणारा माणूस नसेल तर हा मार्ग घेऊ नका.

आणि दोन्ही ऑफिसं कायमची आहेत, रोज चार-पाच जण काम करणार आहेत, प्रिंटही वागळेला काढायचीय, असं असेल तर माझं मत स्पष्ट आहे, दोन ऑफिसांत व्हीपीएन, म्हणजे इंटरनेटमधून जाणारा बंद खाजगी रस्ता, बांधा आणि त्याच्या आतून रिमोट डेस्कटॉप वापरा. वायरगार्ड नावाच्या व्हीपीएनला एकाच बाजूला पब्लिक आयपी पुरतो. महापेला स्टॅटिक घ्या, एकच यूडीपी पोर्ट उघडा, साधारण ५१८२० ठेवतात, वागळेची बाजू आपणहून महापेला फोन लावते, त्यामुळे वागळे सीजीनॅटच्या मागे असलं तरी चालतं. या पोर्टवर बरोबर की नसलेल्याला वायरगार्ड उत्तरच देत नाही, म्हणून ३३८९ उघडण्याशी याची तुलना होत नाही. वागळेच्या बाजूला पर्सिस्टंट कीपअलाइव्ह २५ सेकंद ठेवा, कारण बरेच राउटर तीस सेकंद शांतता दिसली की यूडीपीची नोंद पुसून टाकतात आणि मग महापेहून वागळेच्या प्रिंटरला काही जात नाही. वागळेला बाहेरचं यूडीपी बंदच असेल आणि कुणी उघडून देत नसेल तर वायरगार्ड चालणार नाही, तिथे वरचा रिलेचाच मार्ग.

व्हीपीएन करण्याआधी एक गोष्ट बघून घ्या, दोन्ही ऑफिसांत आतले पत्ते १९२.१६८.१ चेच आहेत का. बहुतेक वेळा असतात, कारण राउटर डब्यातून तसाच येतो. मग वागळेच्या पीसीने १९२.१६८.१.१० ला जायचं म्हटलं की तो ते आपल्याच खोलीत शोधतो, व्हीपीएनकडे जातच नाही, आणि लोक दोन-दोन दिवस व्हीपीएनच्या सेटिंगमध्ये डोकं फोडत बसतात. वागळेचं नेटवर्क आधीच १९२.१६८.५७ वगैरे कुठल्यातरी वेगळ्या आकड्यावर न्या. प्रिंटर, बायोमेट्रिक, सीसीटीव्हीचा डीव्हीआर यांचे पत्ते हाताने टाकलेले असतात तेही त्याच दिवशी बदला, म्हणून हे काम शनिवारी दुपारी करायला घ्या.

म्हणजे तुमच्यासाठी क्रम असा: आधी डायरेक्ट की रिले ते बघा, मग यूडीपी जातंय का, मग नॅट कसलं, आणि त्याच्यानंतरच आयपी विकत घ्यायचा का ते ठरवा.

एवढं करून झालं की दोन्हीकडचा राउटरवरचा वॅन आयपी, शेवटचे दोन आकडे झाकून, नेटचेकचं आउटपुट, आणि वागळेचं कनेक्शन इमारतीचं आहे की थेट आयएसपीचं, हे इथेच टाका. व्हेंडरने कोटेशन दिलं असेल तर त्यात स्टॅटिक आयपी नक्की कुठल्या बाजूचा धरलाय तेही लिहा, मी बघून सांगतो.